पहाऱ्याची आलबेल

पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक या गांवास आम्ही पहिल्यानें गेलों तें विनोबांचें जन्मस्थान पाहावयास. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरि भावे या गांवीं जन्मले, आणि त्यांचें बालपण येथें गेलें. पुढें त्या बाजूस आमचें जाणें-येणें वाढलें, तें मात्र निराळ्या कारणानें. तिकडील जुन्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल अद्याप माळ्यावर पडून आहेत, असें आमच्या कानीं आलें होतें. आम्ही इतिहासाचे अध्यापक. जुन्या कागदाचा वास आला म्हणजे आमचें पाऊल घराकडे वळत नाहीं. ज्या पुरुषानें तरुणपणीं आपलीं प्रमाणपत्रें आईच्या चुलींत घातलीं, त्याच्याच जन्मगांवीं आम्ही कागदांच्या जपणुकीची चिंता वाहत हिंडावें, यांतील गंमत आमच्या ध्यानांत येऊं नये इतके आम्ही अरसिक नाहीं.

अलीकडे तेथील एका शेतकऱ्यानें आपल्या खाचराचा सात-बारा आम्हांस खिशांतील फोनवर काढून दाखविला. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत सात-बाऱ्याचा उतारा तलाठ्याच्या लेखणीच्या सहीवांचून, अंकीय सहीनें मिळूं लागला आहे. आम्ही सहज विचारलें, “हा कागद आहे कोठें?” त्यानें फोन उंच धरून म्हटलें, “हा काय, इथं.” कागद तेथें नव्हता हें उघड आहे. तो सरकारच्या संगणक-कोठारांत, वेगानें फिरणाऱ्या लोखंडी पेटीच्या पोटांत, म्हणजे ज्यास आपण हार्ड डिस्क म्हणतों तींत आहे. डिस्क हें यंत्र आहे, आणि यंत्र आज ना उद्यां मोडतें. म्हणून अशा ठिकाणीं डिस्का एकेकट्या ठेवीत नाहींत. त्यांचे संच करतात, व संचांतील एखादी डिस्क मेली तरी उरलेल्या डिस्का तिचें काम निभावून नेतील अशी योजना करतात. या संचांचा, आणि त्याहूनहि अधिक त्यांवरील पहाऱ्याचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय आमच्या पेशास परका दिसेल, पण तो परका कां नाहीं, हें पुढें एका प्रसंगावरून दिसून येईल. तो प्रसंग आमच्या पदरीं फारसा भूषणावह नाहीं.

एक प्रत नष्ट झाली तर दुसरी असावी, ही बुद्धि नवी नाहीं. मराठी राज्यांत गांवचा हिशेब कुलकर्णी ठेवी व परगण्याचा देशपांडे ठेवी. एकाच जमिनीची हकीकत अशी दोन दप्तरांत उतरलेली असे. राजधानीच्या दप्तराचें काय झालें हें सर्वश्रुत आहे. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं रायगडावरच्या वाड्यास आग लागली, आणि आज शिवकालाचें मध्यवर्ती दप्तर आपल्यापाशीं नाहीं. ज्या गडाचें नांव १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्यास दिलें गेलें, त्या गडाचीच ही कथा. तरीहि आपणांस त्या काळचें जें कळतें त्याचा मोठा भाग वतनदारांच्या घरोघरच्या कागदांतून आला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें खंडामागून खंड काढले ते अशाच रुमालांच्या जोरावर. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. राजवाडे दारोदार फिरले तेव्हां त्यांस जसे कागद मिळाले, तसेच वाण्याच्या पुड्यांत गेलेले व वाळवीनें खाल्लेलेहि पुष्कळ आढळले. या घरांतील प्रती एकीमागून एक मरत होत्या, आणि त्या मरत असल्याची वार्ता कोणास नव्हती. कारण मोजदाद ठेवणारा कोणी नव्हता.

आतां डिस्ककडे वळूं. १९५६ सालीं अमेरिकेंत सान होजे येथें आय.बी.एम. कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या, आणि एवढा डोलारा मिळून पन्नास लाख अक्षरें सांठवी. पुढें तीस वर्षें मोठ्या संगणकांच्या डिस्का अशाच अवजड व महाग राहिल्या. ज्यांस व्यवहार क्षणभरहि थांबवून चालत नसे ते एकाऐवजी दोन डिस्का घेत व दोहोंवर तेंच लिहीत. आय.बी.एम.च्याच नॉर्मन केन औची यांस १९७८ सालीं एक पेटंट मिळालें होतें, त्यांत बिघडलेल्या भागांतील मजकूर इतरांवरून पुन्हां जुळविण्याची युक्ति सांगितली होती. परंतु या विचारास नांव व शास्त्र मिळालें तें १९८८ सालीं. बर्कले येथील विद्यापीठांतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं त्या वर्षीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, एका अजस्र डिस्कऐवजी घरगुती संगणकांतल्या लहान स्वस्त डिस्का शंभर घ्याव्या. खर्च कमी, वेग अधिक. अशा संचास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेड’ हें नांव त्यांनीं दिलें. त्या आद्याक्षरांतील एक अक्षर मूळ ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचें होतें. पुढें विकणाऱ्यांनीं त्याच अक्षराचा ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द तेथें बसविला. आपला माल स्वस्त आहे असें नांवांतच सांगणें कोणत्याहि व्यापाऱ्यास रुचत नाहीं, हें उघडच आहे.

शंभर डिस्कांची अडचण त्या निबंधांतच सांगितली आहे. एक डिस्क सरासरीनें ३०,००० तास टिकते असें धरलें, तर शंभरांपैकीं कोणती तरी एक ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आंत, मरणार. मोठें कुटुंब असलें म्हणजे सुतकें वारंवार येतात, त्यांतलाच हा प्रकार. यावर उपाय ताळ्याचा. आमच्या लहानपणीं वाण्याच्या वहींत आडव्या ओळीच्या शेवटीं बेरीज मांडलेली असे. समजा, एका ओळींत ७, १२ व ५ असे आंकडे असून शेवटीं २४ ही बेरीज आहे. मधल्या आंकड्यावर तेल सांडलें व तो पुसला गेला, तरी २४ मधून ७ व ५ वजा करून १२ हा आंकडा पुन्हां मिळतो. रेडमध्यें याच रीतीनें डिस्कांवर मजकुराबरोबर एक ताळा लिहिलेला असतो. फरक इतकाच कीं, यंत्र बेरीज मांडीत नाहीं. शून्य व एक यांच्या ओळींतील एकांची संख्या सम कीं विषम एवढेंच टिपतें. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिचा सर्व मजकूर काढतां येतो. मात्र त्याच ओळींतील दोन आंकडे पुसले गेले तर २४ ही बेरीज हातांत असूनहि कांहीं उपयोग नाहीं. १९८८ च्या निबंधांत या योजनेच्या पांच पायऱ्या वर्णिल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे सरळ जोडप्रत, पुढच्यांत ताळ्याचे निरनिराळे प्रकार. दोन डिस्का गेल्या तरी तरणारी दुहेरी ताळ्याची पायरी मागाहून रूढ झाली.

आतां आमच्या मतें या सर्व इतिहासांतील मर्माची जागा आली. जोडप्रतीच्या संचाचें आयुष्य त्या तिघांनीं मांडलें तें ४५ लक्ष तास, म्हणजे पांचशेंहून अधिक वर्षें. दोन आठवड्यांचीं पांचशें वर्षें झालीं! हा चमत्कार कोणत्या जोरावर घडला, तें पाहण्यासाठीं सूत्राच्या छेदाकडे पाहावें. तेथें ‘दुरुस्तीचा काळ’ बसला आहे, आणि तो त्यांनीं एक तास धरला आहे. मेलेल्या डिस्कच्या जागीं एका तासांत नवी डिस्क येऊन तिजवर सर्व मजकूर उतरला, तर पांचशें वर्षें. आम्हीं याच सूत्रांत एका तासाऐवजी एक महिना, म्हणजे ७२० तास, घालून भागाकार केला. उत्तर आलें ६,२५० तास. म्हणजे जेमतेम साडेआठ महिने. डिस्का त्याच, ताळा तोच, खर्च तोच. एका तासाच्या ठिकाणीं एक महिना लागला, एवढ्यानें पांचशें वर्षें एका वर्षाच्याहि आंत आलीं.

आणि दुरुस्तीचा काळ म्हणजे केवळ स्क्रू फिरविण्याचा काळ नव्हे. डिस्क मेली त्या क्षणापासून तो मोजावयाचा. ती मेली हें कोणास तरी कळलें पाहिजे. त्यानें दुसऱ्यास सांगितलें पाहिजे. नवी डिस्क कपाटांत नसेल तर मागविली पाहिजे, आणि आमच्यासारख्या संस्थेंत त्यासाठीं तीन दरपत्रकें मागवून बिल मंजूर झालें पाहिजे. शिवाय एकट्या डिस्कच्या मृत्यूस आवाज असतो. ती मेली कीं काम बंद पडतें, आणि बंद पडलेल्या कामाचा ओरडा आपोआप होतो. संचांतील डिस्क मरते तेव्हां कांहींहि बंद पडत नाहीं; लिहिणारा लिहीत राहतो, वाचणारा वाचीत राहतो. संकटांतून तारण्यासाठीं जी योजना केली, तीच संकटाची वार्ता दडविते. म्हणून रेडच्या बाबतींत पहारा ही ऐच्छिक जोड नसून योजनेचाच अर्धा भाग आहे. तो अर्धा भाग विकत मिळत नाहीं, म्हणूनच बहुधा राहून जातो.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. गागोद्याशेजारच्या एका वाडींतील एका घरीं आम्हांस मोडी कागदांचा एक रुमाल मिळाला होता. दीडशेंवर कागद, बहुतेक जमिनीचे, थोडे देण्याघेण्याचे, आणि कांहीं खासगी पत्रें. आम्हीं ते कालेजांत आणून एकेका कागदाचे फोटो घेतले, आणि रुमाल ज्याचा त्यास सन्मानानें परत केला. पूर्वींच्या संशोधकांनीं नेलेले रुमाल घरवाल्यांस परत मिळाले नाहींत अशा तक्रारी आम्हीं ऐकिल्या होत्या, म्हणून आपल्या या वागणुकीचा आम्हांस थोडा अभिमानहि वाटला. फोटो कालेजच्या संगणकावर ठेवले. त्यांत चार डिस्कांचा, एकेरी ताळ्याचा संच होता. विकणाऱ्यानें जातांना सांगितलें होतें, “सर, एक डिस्क गेली तरी चिंता नाहीं.” हें वाक्य आम्ही सर्वांनीं मनांत जपून ठेवलें.

दिवाळीच्या सुटीनंतर कालेज उघडलें तेव्हां त्या खोलींतून एक कर्कश शिट्टी सारखी वाजत होती. शेजारीं वर्ग चालूं होते. कोणीं तरी संगणकाच्या पडद्यावर शोधून ‘आवाज बंद’ या शब्दांवर बोट ठेविलें आणि शिट्टी थांबली. ज्यानें हें केलें त्याचे सर्वांनीं आभार मानले, आम्हींहि मानले. चार हिरव्या दिव्यांपैकीं एक नारिंगी झाला होता, तो पुढें सुमारें दोन महिने नारिंगीच होता. त्या खोलींत जातां-येतां आम्हीं तो अनेकदां पाहिला, आणि खरें सांगावयाचें तर तो शोभेचा आहे अशीच आमची समजूत होती. संक्रांतीच्या सुमारास दुसरी डिस्क गेली. त्या दिवशीं मात्र कोणास कांहीं शोधावें लागलें नाहीं.

आम्ही पुन्हां त्या वाडीवर गेलों. जुनें घर पाडून त्या जागीं सिमेंटचें घर उभें राहिलें होतें. बांधकामाच्या वेळीं माळ्यावरचें सामान पडवींत ठेवलें होतें. पावसानें तें भिजलें, आणि उरलेल्यास वाळवी लागली. रुमाल कोठें आहे असें विचारतां त्या गृहस्थांनीं शांतपणें म्हटलें, “सर, तुमच्याकडे कालेजांत आहेत ना सगळे? मग आम्ही म्हटलं, कशाला जपायचे?” दोष त्यांचा नव्हता. दुसरी प्रत आहे या भरंवशावर त्यांनीं पहिली सोडली. चौथी डिस्क आहे या भरंवशावर आम्हीं दिवा पाहणें सोडलें. चहा पिऊन आम्ही परत आलों, आणि तेव्हांपासून या विषयाचा अभ्यास करीत आहों.

या अभ्यासांत पहिलें आश्चर्य वाटलें तें हें कीं, संचाचा कारभार पाहणारें यंत्र स्वतःच पडदा धरून बसलेलें असतें. डिस्का व संगणक यांच्यामध्यें एक नियंत्रक असतो. चार असोत वा चोवीस, सर्व डिस्का आपल्या पाठीशीं ठेवून तो संगणकास एकच मोठी डिस्क दाखवितो. संगणकास वाटतें, एकच आहे आणि ठीक आहे. आंत कोण आजारी आहे हें विचारावयाचें तर नियंत्रकाच्याच भाषेंत, त्याच्या कंपनीनें दिलेल्या आज्ञावलीनें विचारावें लागतें. आणि प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. जुन्या दरबारांत धन्यापर्यंत अर्ज पोंचविण्यासाठीं ज्या कारभाऱ्याची मर्जी राखावी लागे, त्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

डिस्कनें आपली प्रकृति आपणच सांगावी, हा प्रयत्न १९९२ च्या सुमारास आय.बी.एम.नें आरंभिला. पाठोपाठ कॉम्पॅक कंपनीनें डिस्क करणाऱ्या कारखान्यांस बरोबर घेऊन तसाच एक प्रकार काढला, आणि १९९५ च्या सुमारास त्यांतून ‘स्मार्ट’ नांवाची सर्वांस समान अशी पद्धति निघाली. डिस्क किती तास चालली, तिचें तपमान काय, किती जागा खराब निघाल्या व त्यांच्याऐवजी किती राखीव जागा वापराव्या लागल्या, याची नोंद डिस्क स्वतः ठेवते. विचारणारा मात्र हवा. विचारण्याचें एक उत्तम साधन २००२ सालीं ब्रूस ॲलन या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानें चालू केलें, त्याचें नांव ‘स्मार्टमॉनटूल्स’. तें सर्वांस फुकट आहे, आणि पुष्कळ नियंत्रकांच्या पडद्याआड डोकावून एकेका डिस्कची नाडी पाहूं शकतें. ॲलन यांचा खरा विषय गुरुत्वीय लहरी. आकाशांतून येणारी अतिसूक्ष्म थरथर शोधण्यासाठीं त्यांनीं संगणकांचे ताफे उभे केले, आणि त्या ताफ्यांच्या डिस्का मरूं लागल्या म्हणजे काय होतें हें त्यांस घरच्याच अनुभवानें ठाऊक होतें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी पहिली लहर अमेरिकेंतील दोन वेधयंत्रांवर उमटली, ती प्रथम ज्याच्या नजरेस पडली तो तरुण संशोधक जर्मनींत हॅनोव्हर येथें ॲलन ज्या संस्थेचे संचालक होते तेथलाच. याच जातीच्या वेधशाळेस एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ मंजुरी दिली असून, पुण्याची आयुका ही त्या कामांतील एक भागीदार संस्था आहे. मराठवाड्याच्या माळावर विश्वाची थरथर टिपली जाईल तेव्हां ती प्रथम कोठें उतरेल, तर डिस्कांवर. आणि तेथेंहि हाच पहारा लागेल.

स्मार्टच्या भरंवशावर मात्र निजूं नये, हें २००७ सालीं सिद्ध झालें. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत, पहिली डिस्क जेथें जन्मली त्या सान होजे शहरींच भरलेल्या एका परिषदेंत, दोन निबंध वाचले गेले. एक होता गूगल कंपनीच्या संशोधकांचा. त्यांनीं लाखाहून अधिक डिस्का तपासल्या होत्या. पृष्ठभागाच्या तपासणींत पहिला दोष दिसल्यावर पुढील साठ दिवसांत ती डिस्क मरण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असें त्यांस दिसलें. म्हणजे लक्षणास अर्थ आहे. परंतु मेलेल्या डिस्कांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनीं मुख्य चार लक्षणांपैकीं एकहि दाखविलें नव्हतें. वैद्यानें नाडी पाहून ठीक म्हणावें आणि रोगी रात्रीं जावा, असा हा प्रकार. दुसरा निबंध बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांचा. १९८८ च्या तिघांपैकीं गिब्सन हे एक. एकोणीस वर्षांनीं आपल्याच गृहीतांची झडती घ्यावयास ते उभे राहिले, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. कारखानदार आपल्या पत्रकांत दहा ते पंधरा लक्ष तासांचें आयुष्य छापीत. त्या हिशेबानें वर्षाकाठीं शेंकडा ०.८८ हून अधिक डिस्का जाऊं नयेत. प्रत्यक्षांत शेंकडा दोन ते चार सर्रास बदलाव्या लागत होत्या, आणि कोठें कोठें तेरापर्यंत.

याहून कावेबाज असा एक रोग आहे. डिस्क जिवंत असते, दिवा हिरवा असतो, पण एखाद्या कोंपऱ्यांतील अक्षरें वाचेनाशीं झालेलीं असतात. त्या कोंपऱ्याकडे वर्षभर कोणी फिरकलेलेंच नसतें. २००७ सालच्याच आणखी एका अभ्यासांत १५ लक्ष ३० हजार डिस्का ३२ महिने पाहिल्या, त्यांत शेंकडा ३.४५ डिस्कांत असे सुप्त दोष सांपडले. दुसरी एखादी डिस्क मरते, तिचा मजकूर काढण्यासाठीं उरलेल्या डिस्का आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमका त्या वेळीं हा कोंपरा आड येतो. २४ मधून वजा करावयाचा ५ हा आंकडाच पुसलेला निघतो. म्हणून चांगला नियंत्रक रिकाम्या वेळीं सर्व डिस्का ओळीनें वाचून काढतो. यास इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थ ‘गस्तीचें वाचन’ असाच होतो. आमच्या वैदिकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ घोकून त्यांनीं शब्दास ताळा लाविला, आणि शिवाय आवर्तन कधीं सोडलें नाहीं. कारण न म्हटलेली ऋचा विसरली आहे हें म्हणूं लागल्यावांचून कळत नाहीं. आतां एकेका डिस्कवर वीस-वीस टेराबाइट मजकूर मावतो. सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगानेंहि तो एकदां वाचावयास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. १९८८ चा तो एक तास आतां कोणाच्याच हातीं राहिला नाहीं.

येथवर सर्व ठीक. पण पहारेकरीच झोंपला तर? रोज डिस्कांची विचारपूस करणारी आज्ञावली आपण लावून ठेवतों, आणि कांहीं बिघडलें तर पत्र पाठव असें तिला सांगतों. सहा महिने पत्र येत नाहीं, आपण खुशींत. डिस्का ठीक असल्यामुळें पत्र आलें नाहीं, कीं आज्ञावलीच बंद पडल्यामुळें, कीं ज्या पत्त्यावर पत्र जावयाचें तो मनुष्य नोकरी सोडून गेल्यामुळें, हें त्या शांततेवरून कळत नाहीं. राजारामाच्या काळीं जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत गडाच्या बंदोबस्ताचें वर्णन आहे. हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे एकाच दर्जाचे अंमलदार, आणि तिघांनीं मिळून कारभार करावयाचा. एकावर एक नजर असे. आपल्या भाषेंत ‘आलबेल’ हा शब्द आहे, त्याचा उगम पुष्कळांस ठाऊक नसतो. रात्रपाळीचा गोरा शिपाई ठराविक वेळानें ‘सर्व ठीक’ अशा अर्थाची इंग्रजी आरोळी देई, तिचें हें मराठी रूप. या आरोळीचा खरा अर्थ ती ऐकूं येण्यांत नसून न येण्यांत आहे. ठरल्या वेळीं आलबेल आली नाहीं कीं नायकानें कंदील घेऊन निघावयाचें. चोर आल्यावर ओरडणारा पहारेकरी चोराच्या पहिल्या टोल्यानेंच गप्प होऊं शकतो. तासातासाला आलबेल देणाऱ्याचें मौन मात्र बोलतें.

आणखी एक गैरसमज जातां जातां दूर केला पाहिजे. संच म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेला मजकूर संच मोठ्या इमानानें सर्व डिस्कांवरून पुसतो, आणि आगीपुढें चार डिस्का काय नि चाळीस काय. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांस आग लागून कागदांच्या राशी भस्म झाल्या, तेव्हां वेगळ्या ठिकाणच्या प्रतीची किंमत सर्वांस कळली. अशी प्रत असावीच. पण तीहि कधीं काढली, ती उघडते कीं नाहीं, हें कोणीं तरी पाहिलें पाहिजे. म्हणजे फिरून पहाऱ्यावरच आलों.

आमच्या खोलींत आतां नवा संच आहे, दुहेरी ताळ्याचा; एक राखीव डिस्क कपाटांत कायम ठेवलेली असते, आणि ती मिळविण्यासाठीं आम्ही दोन वर्षें भांडलों. महिन्यांतून एकदां गस्तीचें वाचन होतें. रोज सकाळीं सहाला त्या यंत्राकडून तिघांच्या फोनवर ‘आलबेल’ एवढाच शब्द येतो, आणि आमचा शिपाई दार उघडतांच दिवे मोजून दाराशीं टांगलेल्या वहींत त्यांची संख्या लिहितो. गेल्या श्रावणांत एके दिवशीं आलबेल आली नाहीं. आम्ही चहा तसाच टाकून गेलों. झाडणाऱ्या बाईंनीं पंख्यासाठीं एक वायर काढली होती. निरोप पाठविणारें यंत्र त्या वायरीवर होतें. दिवे सर्व हिरवे होते. वहींत आम्हीं तशी नोंद केली, वायरीस लाल फीत बांधली, आणि घरीं येऊन थंड झालेला चहा प्यालों.

वाडीवरच्या त्या रुमालापैकीं ३७ कागदांचे छाप आम्हीं वर्गांत मोडी शिकविण्यासाठीं काढले होते, तेवढे उरले आहेत. त्यांत एका बाईनें माहेरीं लिहविलेलें एक पत्र आहे. भाताचें पीक बुडालें, खारीचा बांध फुटला, थोरल्या मुलास मुंबईस पाठवावयाचें घाटत आहे, असा त्यांतील मजकूर असून शेवटची ओळ अर्धी आहे. ती पुढल्या पानावर गेली आहे. पहिल्या पानाचें अक्षर सुवाच्य होतें, म्हणून विद्यार्थ्यांसाठीं आम्हीं तेवढेंच छापलें. दुसरें पान चौथ्या डिस्कवर होतें कीं दुसऱ्या, हें आतां सांगतां येत नाहीं.